स्वतःच्याच पत्रामागून पिंपळनेरपलीकडे

जळगाव ते धुळे, गुरुवार

या प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत निकाल तयार होता. चौकशी तेवढी व्हायची होती. बत्तीस वर्षे न्यायालयात कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत चाकरी केलेल्या माणसाने हे वाक्य लिहावे, यात जी लाज आहे ती वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावी. पुढे येणारी तिच्याहून मोठी आहे.

निवृत्तीनंतर आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रांतिक मंडळाचा चिटणीस म्हणून माझी निवड झाली, ती माझ्या धार्मिकतेमुळे नव्हे; मी पत्रे लिहितो म्हणून. नगरपालिकेला गटारांविषयी, एस.टी.ला फुटक्या काचांविषयी, शाळाखात्याला पाठ्यपुस्तकांतील चुकांविषयी मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. चिटणीस झाल्यावर मला शिक्का मिळाला आणि माझ्या पत्रांना जावक क्रमांक पडू लागला.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेस, पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची एक लहानशी मंडळी आहे. वाडीचे नाव मी देत नाही. तेथील लोकांची संमती मी घेतलेली नाही. या प्रवासाच्या आदल्या वर्षी वैशाखात त्या भागातून बदलून आलेल्या एका गृहस्थांनी मला कळविले, की तेथील प्रचारक रतन हा प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या आमच्या विधीसाठी, मोहाच्या फुलांचे पाणी वापरतो. म्हणजे दारूच, असे त्यांचे म्हणणे. त्याच दुपारी मी त्या मंडळीला नऊ कलमांचे पत्र लिहिले. पावसाळ्यात आलेल्या एका पोचकार्डाखेरीज तिकडून काहीही आले नाही. अकरा महिने लोटल्यावर मी या मौनाचा अर्थ उद्दामपणा असा केला, रतनला सेवेतून दूर करण्याचा हुकूम घरीच लिहून काढला, आणि चौकशीचा उपचार उरकण्यासाठी निघालो.

एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत मी खिडकीच्या खडखडाटावर एक तक्रारअर्ज मनात रचला. दुष्काळानंतरचा तो पहिला उन्हाळा होता. रेशनवर अजून परदेशी लाल मिलो ज्वारी मिळत असे आणि रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून होते. शेजारच्या बाईने फडक्यातून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे केली.

“घ्या बाबा. रागमा बठेल माणूसले भूक जास्त लागस.”

मी रागात आहे हे तिला कशावरून कळले, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुमना ओठ हालतस.”

धुळ्यात एक गोष्ट मला मनापासून आवडते. तेथील गल्ल्यांना क्रमांक आहेत. माणसाला नावाने नव्हे, अनुक्रमाने शोधता येते. त्या रात्री मी तेथील पाळकांच्या घरी उतरलो. त्यांच्या पत्नीने झणझणीत शेवभाजी केली होती. जेवताना मी प्रकरण सांगितले. पाळकसाहेब म्हणाले, “शिरस्तेदार, रतनला मी बाप्तिस्मा दिला आहे. त्याचे म्हणणे ऐकून घ्या.”

“ऐकण्यासाठीच चाललो आहे,” मी म्हणालो. हे खोटे होते.

पिंपळनेर, शुक्रवार

कुसुंबा, नेर, साक्री असे करीत एस.टी. दुपारी पिंपळनेरला पोहोचली. साक्रीच्या पुढे मुलूख पालटतो. काळी सपाट जमीन आखडत जाते, टेकड्या जवळ येतात, बसमध्ये चढणाऱ्यांच्या डोक्यावर धान्याऐवजी मोळ्या आणि मोहफुलांच्या टोपल्या दिसू लागतात. त्या फुलांचा गोडसर, थोडा आंबूस वास सबंध गाडीत भरला होता. मी नाकाला रुमाल लावला आणि वहीत नोंद केली : मोह मुबलक.

बाजारात एका मारवाडी शेठजींचे किराणा दुकान आहे. मी आधी कळविल्याप्रमाणे रतन दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी घेऊन येणार होता, तोवर धर्मशाळेत उतरायचे होते. म्हणून साबण घ्यायला मी त्या दुकानात शिरलो. शेठजी जैन, वयाने माझ्याएवढे, गादीवर बसूनच सगळे बोलणारे.

“मिशनवाले का तुम्ही? मग तुमच्या रतन मास्तरला निरोप सांगा. गिऱ्हाईक तुटलं.”

“कसले गिऱ्हाईक?”

“काळ्या मनुकांचं. पाच-सहा वर्षं दर महिन्याला येत होता. महिना उजाडला की हजर. मी पहिल्यांदा विचारलं, घरात कुणाला ताप आहे का? तर म्हणाला, देवाच्या जेवणाला. उकळून पाणी काढतो म्हणे.” शेठजी हसले. “मी म्हटलं, तुमचा देव बरा, महिन्यातून एकदाच जेवतो.”

मी वही काढली. “आणि मोहफुले?”

“मोहफुलं कोण विकत घेतंय इथं? दारात पडतात. गुरं खातात, माणसं खातात, भाजून, भाकरीत घालून. दारू गाळणारे गाळतात, पण तुमच्या लोकांनी ती सोडलीय, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. हातभट्टीवाला तुमच्या नावानं शिव्या घालतो.”

“मग मनुका नेणे का थांबले?”

“ते तुम्ही मला सांगायचं. वर्ष होत आलं. एकदा तेलाला आला होता, तेव्हा मी थट्टेनं म्हटलं, काय मास्तर, देव उपाशी ठेवलात? नेहमी हसणारा माणूस, पण हसला नाही.”

मी शंभर ग्रॅम मनुका पुडीत बांधून घेतल्या, खाण्यासाठी नव्हे, पुरावा म्हणून. धर्मशाळेत पोहोचेपर्यंत मला कळून चुकले, की तक्रारदाराने रतनच्या घरी फुले भिजत घातलेली पाहिली असणार आणि उरलेले सगळे डोक्यातून काढले असणार. माझा संताप तात्काळ त्या गृहस्थांकडे वळला. त्यांना काय लिहावे याची वाक्ये जुळू लागली. त्यांचे पत्र वाचून दुसऱ्या बाजूस एका शब्दानेही न विचारता लेखणी कोणी उचलली, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

वाडी, शनिवार

रतन चाळिशीचा, काटक, पांढरी टोपी, धोतर, खिशाला पेन. “सलाम साहेब,” म्हणून त्याने माझी पिशवी घेतली. माझ्याशी तो शाळेतले मराठी बोलायचा प्रयत्न करी आणि दर दुसऱ्या वाक्याला घसरून आपल्या बोलीत जाई. गाडीत त्याने माझ्यासाठी पेंढ्यावर घोंगडी अंथरली होती.

पांझरेला पाणी घोटाभर होते, परंतु उतारावर चाक दगडात अडकले. मी खाली उतरलो आणि चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी, एक पाय चपलेत अशा स्थितीत मी त्या नदीवर फरशीपूल का नाही, याविषयी जिल्हा परिषदेस उद्देशून जे बोललो ते येथे लिहीत नाही. रतन चाकाला खांदा देत होता. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही चिठ्ठी लिखा. तुमनी चिठ्ठी लागू पडस.”

मला ही स्तुती वाटली. गाडी निघाल्यावर मी कामाला हात घातला.

“रतन, प्रभुभोजनाला तू काय वापरत होतास?”

“नागलीनी भाकर, आणि मनुकांचं पाणी. गहू इथं होत नाहीत, म्हणून नागली. चूक असेल तर सांगा.”

“मनुका नेणे का बंद केलेस?”

त्याने मागे वळून पाहिले. माझी परीक्षा घेण्याची ही एखादी रीत असावी असे त्याला वाटले असेल. “तुमनी चिठ्ठी उनी ना साहेब. कलम सात.”

कलम सात मला आठवेना. त्याला तोंडपाठ होते. “सदर प्रकरणाचा निर्णय होईपर्यंत सदर मंडळीत प्रभुभोजन देऊ अगर घेऊ नये.”

“आणि तेव्हापासून?”

“तेव्हापासून नाही. निर्णय यायचा होता ना.”

यानंतर मला जे वाटले ते लिहिण्याचे मी दोनदा टाळले आणि दोन्ही वेळा कागद फाडले. मला आनंद झाला. वीस वर्षे मी पत्रे लिहीत आहे. नगरपालिकेने एक गटार बुजविले नाही, एस.टी.ने एक काच बसविली नाही. आणि येथे, जेथे रस्ताही पोहोचत नाही, एका सबंध मंडळीने माझे कलम अक्षरशः पाळले होते. अकरा महिने. गाडीच्या हिसक्यांत मी ताठ बसलो. त्यांनी काय गमावले हे मनात यायला मला आणखी एक दिवस लागला.

वाडीतले आमचे मंदिर कुडाच्या भिंतींचे, शेणाने सारवलेले, वर कौले आहे. आमच्याकडे जळगावला बाके आहेत, पेटी आहे, पंखाही आहे. येथे चटया, एक ढोलकी आणि टाळ. दाराशी एक मडके आहे, त्यात प्रत्येक घर रोज चूल पेटविताना बाजूला काढलेले मूठभर धान्य आठवड्याला आणून ओतते. दुष्काळातही मडके रिकामे राहिले नाही, असे रतनच्या बायकोने सांगितले. फक्त मूठ लहान मुलांची घेत, एवढेच. तिने मला नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि भाजलेली मोहफुले वाढली. चवीला ती मनुकांसारखीच लागली. मी तीन वेळा मागून घेतली.

दुपारी मंदिरात बसून मी पहिला हुकूम फाडला आणि दुसरा लिहिला : आरोप शाबीत होत नाही, प्रचारक रतन यास निर्दोष ठरविण्यात येते, कलम सातची बंदी उठविण्यात येते. खाली सही केली, शिक्का मारला. स्वतःच्या न्यायबुद्धीविषयी मला फार चांगले वाटले.

रविवार

मोहाच्या दिवसांत उपासना उशिरा होते. पहाटे फुले गळतात आणि गुरांनी खाण्याआधी ती वेचावी लागतात. माणसे थेट रानातून आली. टोपल्या ओट्यावर ओळीने ठेवल्या आणि हातपाय धुऊन आत बसली. पुरुष, बाया, लेकरे मिळून चाळीसेक असतील. महिन्याचा पहिला रविवार होता.

दोन गायने झाली, प्रार्थना झाली. रतनने लाल फडक्यात बांधलेले पवित्र शास्त्र उघडले, पाठ वाचला आणि त्याच फडक्यातून एक घडी केलेला कागद काढला. घड्यांवर फाटल्यामुळे त्याला मागून पेजेने दुसरा कागद चिकटवला होता. सगळी मंडळी उभी राहिली. मीही उभा राहिलो.

“जावक क्रमांक,” रतनने सुरुवात केली, आणि मी भिंतीला हात टेकला.

ते माझे पत्र होते. प्रेषितांची पत्रे मंडळ्यांत उभे राहून वाचली जात, हे त्यांना शिकविलेले होते. मंडळाकडून, शिक्क्यासह, मंडळीच्या नावे पत्र आले. तेव्हा त्यांनी तेच केले. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकरीच्या ताटाच्या जागी, दर महिन्याला. विषय, संदर्भ, नऊ कलमे. तिसऱ्या कलमात मी त्यांना ‘अज्ञानी व स्वैर’ म्हटले होते. पाचव्यात लिहिले होते, की अशा लोकांना पवित्र वस्तूंची किंमत कळणे दुरापास्त आहे. प्रत्येक कलमानंतर मंडळी हळू आवाजात “आमेन” म्हणत होती. माझ्या पुढे उभी असलेली म्हातारी डोळे मिटून, हात जोडून म्हणत होती. माझी वाक्ये मी नेहमी मोठ्याने वाचून पाहतो आणि मला ती आवडतात. त्या दिवशी एकेका वाक्यागणिक मला कुठे जाऊन लपावे असे झाले.

वाचन संपले. रतन म्हणाला, “साहेब निर्णय घेऊन आले आहेत.”

मी पुढे जाऊन निर्णय वाचला. मग बायांच्या बाजूने एकच कुजबूज उठली, कोणीतरी टाळ वाजविला, रतनची बायको पदर डोळ्यांना लावून भाकरी आणायला गेली. मनुका नव्हत्या. मी पिशवीतली पुडी दिली. ओट्यावरच्या चुलीवर पाणी चढले.

पाणी उकळेपर्यंत त्यांची एक रीत आहे, आणि ती मला अन्यत्र कोठेही आढळलेली नाही. मंडळीचे वडील, नाना नावाचे एकाक्ष वृद्ध, उठून विचारतात, “कोणाना पोटमा कोणाबद्दल काही व्हई, ते आते सांगा.” आमच्याकडे असे विचारले तर उपासना तीन दिवस चालेल. येथे एका सुनेने सांगितले, की तिने जावेची कोंबडी दगडाने हाणली होती. जाऊ म्हणाली, “माले ठाऊक शे. कोंबडी लंगडस.” लोक हसले, दोघींनी एकमेकींचे हात धरले, झाले.

मग मागच्या चटईवरून एक उंच, वाळलेला म्हातारा उठला. त्याचे नाव फुलजी.

“मना पोटमा शे.”

“कोणाबद्दल, फुलजी आबा?” नानांनी विचारले.

“या साहेबबद्दल.”

कोणीतरी ‘पाहुणे शेतस’ असे पुटपुटले. नानांनी हात वर करून त्याला गप्प केले.

फुलजी माझ्याकडे पाहून सावकाश बोलला, मला कळावे म्हणून शब्द निवडीत. “साहेब, तुम्ही आते वाचं, का गुन्हा व्हताच नही. मंग मनी जमनाले भाकर का बरं दिन्ही नही?”

मी रतनकडे पाहिले. तो खाली पाहत होता.

“भादवामा ती खाटवर व्हती,” फुलजी म्हणाला. “पोटमा पाणी ठरे ना. तिनी तीन दाव मांगं. मी रतनभाऊकडे तीन दाव गऊ. तो रडना, पन देयेना. म्हणे, चिठ्ठीमा नही लिखेल शे. चौथे दिन ती मरी गयी.”

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “प्रकरण प्रलंबित होते. अशा अडचणीची सूचना मंडळाकडे यायला हवी होती.”

रतनने मान वर केली. त्याच्या आवाजात दोष देण्याचा लेशही नव्हता. तो जणू माझी मदत करीत होता. “कार्ड टाकलं होतं साहेब.”

प्रकरणाची फाइल माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली. पोचकार्ड पत्रामागेच टाचलेले होते. शाईने रेखलेल्या ओळींवर ठळक अक्षरात लिहिले होते, की पत्र पावले, मंडळी कलम सात पाळीत आहे, मंडळीतील एक बहीण फार आजारी असून प्रभुभोजन मागत आहे, तरी निर्णय लवकर कळवावा ही नम्र विनंती. वरच्या कोपऱ्यात माझ्या हस्ताक्षरात, तांबड्या शाईने, ‘पोच. दप्तरी दाखल.’ पहिली ओळ वाचून मी ते फाइल केले होते.

या क्षणीही मला एक वाट मोकळी होती. मंडळाच्या नावाने खेद व्यक्त करता आला असता. कार्यालयीन दिरंगाई हा शब्द अशा प्रसंगासाठीच आहे. तो जिभेवर आला होता. परंतु समोर चाळीस माणसे अशी बसली होती, की मी जे बोलेन ते त्यांनी उभे राहून ऐकले असते आणि आमेन म्हटले असते.

मी सांगितले, की मंडळाची बैठक झालीच नव्हती. ठराव झालाच नव्हता. कोणत्याही मंडळीचे प्रभुभोजन थांबविण्याचा अधिकार चिटणीसाला नाही. नियमात तसे कलम नाही, आणि पत्र लिहिताना ते मला माहीत होते. मी रागात होतो. ज्याच्यावर आरोप त्याला नोटीस न देता, त्याचे न ऐकता, मी हुकूम काढला आणि विसरून गेलो. कालचा निर्णयही खोटाच, कारण जे प्रकरण कधी दाखलच झाले नाही त्याचा निर्णय कसला.

“म्हणजे ही चिठ्ठी मंडळनी नही?” फुलजीने विचारले. “तुमनी एकलानी?”

“माझ्या एकट्याची.”

पुढे बसलेली ती म्हातारी, जी हात जोडून आमेन म्हणत होती, वळून मला न्याहाळीत म्हणाली, “एक माणूसना इतला मोठा शिक्का?”

रतन भिंतीकडे तोंड करून उभा होता. ज्या आज्ञेसाठी त्याने मरणाऱ्या बाईला नाही म्हटले, ती आज्ञाच नव्हती, हे मी त्याला सर्वांसमोर सांगितले होते. मी त्याच्याजवळ गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “माझी तुम्हाला आहे साहेब.” थांबून म्हणाला, “माझी मला नाही.” नानांनी त्याला जवळ बसविले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी फुलजीला विचारले, “आबा, निंघनं का पोटमाईन?” पोटातले निघाले का, असे त्यांचे विचारणे.

फुलजीने विचार केला. खरोखर केला, आपल्या आत पाहून येऊन उत्तर द्यावे तसा. “नही,” तो म्हणाला. “आज नही. देवना समोर खोटं कसाले सांगू?”

तेव्हा मला रीतीचा उरलेला भाग कळला. ज्यांच्यात बाकी आहे ते दोघेही त्या दिवशी भोजन घेत नाहीत. चूक करणाराही नाही, सोसणाराही नाही. मी घाबरलो. अकरा महिने थांबलेला हा माणूस माझ्यामुळे आज पुन्हा उपाशी राहणार होता. मी नानांना म्हणालो, की मी बाहेर जातो, गावही सोडतो, परंतु फुलजींना घेऊ द्या. दोष सर्वस्वी माझा आहे.

“दोष तुमना शे,” नाना म्हणाले, “पन गाठ दोघासनी शे.”

फुलजी माझ्या आधीच दाराकडे निघाला होता.

आम्ही ओट्यावर बसलो, टोपल्यांच्या ओळीपाशी. आत ताट फिरू लागल्याचे शांततेवरून कळत होते. मग कोणीतरी हुंदका दिला, मग दुसऱ्याने, आणि त्यानंतर त्यांनी जे गायन धरले त्यात ढोलकी नव्हती. फुलजीने एक टोपली पुढे ओढली आणि फुलांतला पाचोळा वेचायला लागला. मीही हात घातला.

“तसं नही,” तो म्हणाला. “फूल दाबू नका. फक्त काडी उचला.”

गायन संपेपर्यंत आम्ही ती टोपली साफ केली. त्याने जमनाबाईविषयी एकच गोष्ट सांगितली. त्यांची मुले लहानपणीच गेली होती. ताट आपल्यापुढे आले, की ती स्वतःच्या भाकरीचा तुकडा क्षणभर तळहातावर धरून पाहत असे, मगच तोंडात घाली. काय पाहतेस, असे त्याने एकदा विचारले. ती म्हणाली, मना वाटाले बी उना, माझ्याही वाट्याला आला.

सोमवार

रतन मला पिंपळनेरला सोडायला निघाला तेव्हा फुलजी गाडीत येऊन बसला. त्याने माझ्या तुटक्या चपलेला वादी ओवून दिली होती. ती मी घेतली, आणि ती क्षमा नव्हे हे आम्हा दोघांनाही माहीत होते. वाटेत रतनने एकदाही पत्राचा विषय काढला नाही. मीच म्हणालो, की ते पत्र मला परत दे. तो म्हणाला, “नाही साहेब, ते मंडळीचं आहे. पंचांना विचारावं लागेल.” आयुष्यात प्रथमच कोणी मला योग्य कार्यपद्धती दाखवीत होते आणि मला ती मान्य होती.

स्टँडवर फुलजीने विचारले, “तुमनं घर कोठे शे?”

मी वहीचे पान फाडून पत्ता लिहू लागलो. त्याने माझा हात थांबविला. “माले वाचता येत नही. तोंडे सांगा.”

मी सांगितले. जळगावला एस.टी.तून उतरल्यावर कोणत्या बाजूला वळायचे, कोणत्या चौकात निंबाचे झाड आहे, मंदिराच्या मागची कोणती बोळ. त्याने सगळे एकदा म्हणून दाखविले. एका ठिकाणी चुकले, ते मी दुरुस्त केले.

“निंघनं की मी येसु,” तो म्हणाला. “चिठ्ठी धाडणार नही. सोता येसु.”

मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला, शिक्का परत केला आणि झालेली सर्व हकीगत मंडळाच्या बैठकीत वाचून दाखविली. बैठकीने तिची नोंद घेतली. काही सदस्यांचे मत पडले, की ज्येष्ठ माणसाने इतके मनाला लावून घेऊ नये.

इकडे आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या रविवारी ताट माझ्या बाकापर्यंत येते आणि मी ते शेजारच्याकडे देतो. पाळकांनी दोनदा समजावले, की वाडीची रीत जळगावला लागू नाही. अधिकारक्षेत्राचा हा मुद्दा मला कळतो. असे मुद्दे मी स्वतः अनेकदा मांडले आहेत. लोक मात्र विचारतात, कुजबुजतात, माझ्या पत्नीला गाठून विचारतात. त्यांच्यासाठी हे सर्व लिहिले.

पाऊस सुरू होऊन गेला, शेतांची कामेही उरकत आली. फुलजी अजून आलेले नाहीत. त्यांना घाई करण्याचा मला काहीही अधिकार नाही. एस.टी. स्टँडवरच्या टांगेवाल्यांना मी सांगून ठेवले आहे, की साक्रीकडच्या गाडीने उंच, वाळलेला, भिल्ल म्हातारा उतरला आणि निंबाचे झाड विचारू लागला, तर त्याला पायी चालू देऊ नका.